मोजणी कोणासाठी? अरुणाचलातील चकमा समाज आणि सर्वेक्षणाचा प्रश्न

एखादा समाज कसा जगतो हे सरकारपुढे मांडायचे तर आकडे लागतात. पण ज्या समाजाच्या नागरिकत्वावरच प्रश्नचिन्ह लावले गेले आहे, त्या समाजाच्या दारात कोणी फॉर्म घेऊन गेले की पहिला प्रश्न येतो, "हे कशासाठी?" अरुणाचल प्रदेशातील चकमा आणि हाजोंग समाजाला हा प्रश्न विचारण्याचा पुरेपूर अधिकार आहे. चकमा बहुसंख्येने थेरवादी बौद्ध आहेत, हाजोंग हिंदू आहेत. बौद्ध म्हणून आपल्या तरुणांना चकमांविषयी आपुलकी वाटते. पण त्यांचा प्रश्न नेमका काय आहे आणि त्यांच्या राहणीमानाची पाहणी कशी व्हायला हवी, याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. ती व्हावी म्हणून हा लेख.

हे लोक अरुणाचलात आले कसे?

चकमांची मूळ भूमी म्हणजे चितगावचा डोंगराळ प्रदेश. फाळणीत तो पूर्व पाकिस्तानात गेला, आज तो बांगलादेशात आहे. तिथे कर्णफुली नदीवर काप्ताई धरण बांधले गेले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला धरणाचे पाणी चढले आणि त्या भागातील सुमारे ४० टक्के लागवडीची जमीन बुडाली. सुमारे एक लाख माणसे उठवली गेली. धरणग्रस्त होणे म्हणजे काय, हे कोयनेच्या महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको.

त्यातले बरेच लोक भारतात आले. १९६४ ते १९६९ या काळात केंद्र सरकारने त्यांच्यापैकी काहींना तेव्हाच्या नेफामध्ये, म्हणजे आजच्या अरुणाचलात वसवले. त्यांना जमीन दिली गेली आणि प्रत्येक कुटुंबाला ४,२०० रुपयांची पुनर्वसन मदत मंजूर झाली. आज त्यांच्या वस्त्या मुख्यतः चांगलांग, नामसाई आणि पापुम पारे या जिल्ह्यांत आहेत. थोडक्यात, हे लोक चोरवाटेने आलेले नाहीत. सरकारनेच त्यांना तिथे आणून बसवले आणि पुढे नागरिकत्वाचा प्रश्न मात्र लोंबकळत ठेवला.

न्यायालय काय म्हणाले?

१९९० च्या दशकात चकमांना राज्य सोडून जाण्याच्या धमक्या मिळू लागल्या. राष्ट्रीय मानवाधिकार आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ जानेवारी १९९६ रोजी न्यायालयाने निकाल दिला की, नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जीविताचे आणि स्वातंत्र्याचे रक्षण करणे राज्याचे कर्तव्य आहे. नागरिकत्वाचे अर्ज अडवून न ठेवता केंद्राकडे पाठवावेत, असाही आदेश दिला. यामागे संविधानाचे कलम २१ आहे. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडवलेल्या संविधानात कलम १४ आणि कलम २१ 'नागरिक' म्हणत नाहीत, 'व्यक्ती' म्हणतात. या एका शब्दावर हजारो माणसे त्या जमिनीवर टिकून आहेत.

सप्टेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा आदेश देऊन नागरिकत्वाची प्रक्रिया तीन महिन्यांत पूर्ण करायला सांगितले. तरीही प्रश्न सुटलेला नाही.

एका घरात तीन कायदे

आता मुद्दा सर्वेक्षणाचा. नेहमीच्या पाहणीत आपण कुटुंबप्रमुखाला प्रश्न विचारतो आणि सगळ्या घराचा एकच फॉर्म भरतो. चकमा वस्तीत ही पद्धत चालणार नाही. त्यासाठी नागरिकत्व कायदा समजून घ्यावा लागेल.

१९५५ च्या या कायद्यानुसार २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच नागरिक ठरते. आईवडील कोण, कुठले, हे त्यात पाहिले जात नाही. १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्यांसाठी आई किंवा वडील भारतीय असण्याची अट आली. ३ डिसेंबर २००४ पासून ती आणखी कडक झाली. आता दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला हवा.

समजा एका घरातली आजी १९६६ मध्ये दहा वर्षांची असताना आली. तिला नागरिकत्वासाठी अर्ज करावा लागतो. तिचा मुलगा १९७५ चा, इथेच जन्मलेला. तो कायद्याने जन्मतः नागरिक आहे. नात २००६ ची. तिचे नागरिकत्व तिच्या आईवडिलांच्या कागदांवर अवलंबून आहे. बापाचा जन्म घरी झाला असेल आणि त्याची नोंद कुठेच नसेल, तर कायद्याने नागरिक असलेला बाप कागदावर उपरा ठरतो आणि त्याच्यामागून मुलगीही अडकते.

म्हणून इथे फॉर्म घराचा नको, माणसाचा हवा. त्यात जन्माचे वर्ष, जन्माचे ठिकाण, जन्माचा कोणता पुरावा आहे, अर्ज कधी केला, तो कुठे अडला, मतदार यादीत नाव आहे का, हे प्रश्न आधी यावेत. त्यानंतर रेशन, शाळा, दवाखाना, पिण्याचे पाणी, रोजगार. कारण पुढच्या गोष्टी पहिल्या कागदाला बांधलेल्या आहेत. शाळा सुटण्याचे कारण विचारताना फक्त 'गरिबी' असा रकाना ठेवला, तर रहिवासाचा दाखला नाही म्हणून प्रवेश किंवा शिष्यवृत्ती हुकलेली मुलगीही गरिबीच्या रकान्यात जाईल. तिचे खरे कारण अहवालातून गायब होईल.

आकड्यांचे राजकारण

१९९६ च्या निकालात अरुणाचलातील चकमांची संख्या अंदाजे ६५ हजार नोंदवली आहे. त्यानंतर पंधरा वर्षांनी, २०११ च्या जनगणनेत ती सुमारे ४७ हजार निघाली. एवढा फरक कसा? पहिला आकडा अंदाजाचा होता, दुसरा प्रत्यक्ष मोजणीचा. पण ज्याला भीती पसरवायची आहे तो मोठा आकडा उचलतो. म्हणून आकडा सांगताना तो कोणी, कधी, कसा काढला हे सांगण्याची सवय आपण कार्यकर्त्यांनी लावून घेतली पाहिजे.

मोजणीचा हेतूही पाहावा लागतो. ऑगस्ट २०२१ मध्ये मुख्यमंत्री पेमा खांडू यांनी चकमा आणि हाजोंगांना राज्याबाहेर हलवण्याची भाषा केली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात केवळ या दोन समाजांची 'विशेष जनगणना' करण्याची हालचाल झाली. चकमा संघटनांनी तिला कडाडून विरोध केला. त्यांचा विरोध मोजणीला नव्हता. सर्वांसोबत जनगणनेत मोजले जाणे वेगळे आणि वंश पाहून वेगळे काढून मोजले जाणे वेगळे. पहिल्यातून शाळेची खोली मिळू शकते, दुसऱ्यातून हद्दपारीची यादी तयार होऊ शकते. जानेवारी २०२२ मध्ये मानवाधिकार आयोगाने केंद्राला आणि राज्याला या समाजांच्या मानवी हक्कांचे रक्षण करण्याचे निर्देश दिले.

शेजाऱ्यांनाही विचारावे लागेल

हा वाद बौद्ध विरुद्ध अबौद्ध असा रंगवणे चुकीचे ठरेल. अरुणाचलातील खामती आणि सिंगफो हे स्थानिक समाजही थेरवादी बौद्ध आहेत. तिथल्या जमातींची लोकसंख्या लहान आहे. आपली जमीन जाईल, आपणच अल्पसंख्य होऊ, ही त्यांची भीती खोटी म्हणून उडवून लावता येत नाही. १८७३ पासूनचा इनर लाइनचा कायदा त्यांच्या दृष्टीने संरक्षक भिंत आहे. म्हणून चांगल्या पाहणीत शेजारच्या गावांचाही समावेश हवा. जमीन किती, वाद कुठे, शाळा आणि बाजार एकत्र वापरतात का, हे दोन्हीकडे विचारले तर भीती किती खरी आणि किती फुगवलेली, हे कळेल. तसेच हाजोंगांना वगळून केवळ बौद्धांची पाहणी करणे आपल्या तत्त्वात बसत नाही.

आपल्या अनुभवाची शिदोरी

मोजणीचे मोल आपल्या समाजाला चांगले ठाऊक आहे. १९२८ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९५१ मध्ये महाराष्ट्रात अडीच हजारांच्या आसपास असलेले बौद्ध १९६१ च्या जनगणनेत सुमारे २७ लाख ९० हजार झाले. धम्मक्रांती देशाच्या नोंदीत आली ती त्या एका रकान्यामुळे. तरीही बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळायला १९९० उजाडले. आकडा हक्क मिळवून देत नाही, हक्काच्या लढाईला पाया देतो.

चकमांसाठी काही करायचे असेल तर आपण फॉर्म घेऊन थेट तिकडे निघू नये. आधी त्यांच्या संघटनांना विचारावे. प्रश्न त्यांच्या भाषेत, त्यांच्याच शिकलेल्या मुलामुलींनी विचारावेत. उत्तर न देण्याची मुभा प्रत्येकाला असावी. नावे आणि पत्ते आकड्यांपासून वेगळे ठेवावेत, अहवालात व्यक्ती ओळखू येऊ नये. इकडे राहून करण्यासारखेही बरेच आहे. १९९६ आणि २०१५ चे निकाल वाचून विहारांत समजावून सांगणे, आपल्या शहरात शिकायला आलेल्या ईशान्येकडील विद्यार्थ्यांना कागदपत्रांसाठी मदत करणे, खासदारांमार्फत संसदेत प्रश्न विचारायला लावणे.

आणि कोणत्याही पाहणीत सामील होण्याआधी एक गोष्ट विचारून घ्यावी: भरलेल्या फॉर्मची पहिली प्रत कोणाच्या हातात जाणार आहे? ती त्या वस्तीच्या हातात राहणार नसेल, तर ती पाहणी त्यांच्यासाठी नाही.