डुक्कर, खवले आणि ‘आरोग्याचं कारण’

प्राचीन ज्यू धर्मनियमांचा विषय निघाला की बहुतेक जण एक उत्तर लगेच देतात: “डुक्कर वर्ज्य केलं ते आरोग्यासाठी. उष्ण प्रदेश, फ्रिज नाही, मांसातून रोग व्हायचे.” आपल्याला हे पटकन पटतं, कारण सोयरसुतकापासून उपासापर्यंत प्रत्येक प्रथेला असं एखादं ‘शास्त्रीय कारण’ जोडायची आपल्यालाही सवय आहे. पण हे उत्तर तपासलं तर किती टिकतं? आज तेवढंच बघू.

आधी मूळ नियम. तोरामधल्या लेवीय या ग्रंथाच्या ११व्या अध्यायात खाण्यायोग्य प्राण्यांची यादी आहे. जमिनीवरचा प्राणी रवंथ करणारा हवा आणि त्याचे खूर दुभंगलेले हवेत. म्हणजे गाय, मेंढी, बकरी चालते. उंट आणि ससा चालत नाहीत, कारण ग्रंथाच्या मते ते रवंथ करतात पण त्यांचे खूर दुभंगलेले नसतात. डुकराचं बरोबर उलटं: खूर दुभंगलेले, पण रवंथ नाही. पाण्यातल्या जीवांना पर आणि खवले दोन्ही हवेत. म्हणजे कोळंबी, खेकडे गेले, मुशी आणि शिंगाळाही गेले. आणि कारण? ‘पवित्र व्हा’ एवढंच. रोगराईचा उल्लेख कुठेही नाही.

मग आरोग्याचं कारण आलं कुठून? ते लोकप्रिय केलं मायमोनिडीसनं (११३८–१२०४). हा मोठा धर्मपंडित होता आणि कैरोत वैद्यही होता. डुक्कर घाण खातं, ते पाळलं तर बाजार आणि घरं घाण होतील, असं त्याचं म्हणणं. पुढे १८६० साली कच्च्या डुकराच्या मांसातल्या ट्रायकिनेला या कृमीमुळे माणसं आजारी पडतात, मरतातही, हे सिद्ध झालं आणि लोकांना वाटलं, बघा, प्राचीनांना हे ठाऊकच होतं!

यात अडचणी बऱ्याच आहेत. या आजाराची मुख्य लक्षणं दिसायला बरेच दिवस, कधी कधी आठवडेही लागतात. सूक्ष्मदर्शकाशिवाय त्याचा संबंध त्या एका जेवणाशी जोडणार कसा? दुसरं, शेळ्या-मेंढ्यांमधूनही ब्रुसेलोसिस, अँथ्रॅक्ससारखे रोग होतात, तरी त्या चालतात. आणि उंटानं काय घोडं मारलं होतं? पंधराव्या शतकातल्या अबार्बानेल या ज्यू भाष्यकारानंच हा मुद्दा काढला होता: शेजारचे लोक डुक्कर खातात आणि ठणठणीत आहेत.

तालमूदमधल्या पंडितांना तर कारणं देण्याचाच धोका दिसला होता. राजानं फार बायका करू नयेत, कारण त्याचं मन भरकटेल, असा एक नियम आहे. तालमूद सांगतं की शलमोन राजानं कारण वाचलं, ‘माझं नाही भरकटणार’ म्हणाला, आणि घसरला. मुद्दा मार्मिक आहे. कारण सांगितलं की पळवाट तयार होते. ‘आरोग्यासाठी’ म्हणालात तर फ्रिज आल्यावर नियम संपला!

विसाव्या शतकात दोन नवी उत्तरं आली. मेरी डग्लस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९६६ साली मांडलं की हा प्रश्न वर्गीकरणाचा आहे. डोक्यावरचा केस सुंदर, आमटीतला केस घाण. वस्तू तीच, जागा चुकली. तसंच जो प्राणी आपल्या गटाच्या चौकटीत नीट बसत नाही तो अशुद्ध. पुढे त्यांनी स्वतःच ही मांडणी बरीच बदलली. दुसरे मार्व्हिन हॅरिस. भारतातल्या गाईचं पावित्र्य त्यांनी शेतीच्या अर्थकारणातून समजावलं होतं, तसंच डुकराचंही. डुक्कर दूध देत नाही, नांगर ओढत नाही, गवतावर जगत नाही, त्याला सावली आणि पाणी लागतं. कोरड्या डोंगराळ भागात ते परवडत नाही. पण मग शंका येते: जे परवडत नाही ते लोक आपणहून सोडतील, बंदी कशाला हवी?

इथे उत्खननातली हाडं मदतीला येतात. इ. स. पू. १२०० ते १००० या काळात किनाऱ्याजवळच्या एक्रोन, अश्केलोनसारख्या पलिष्टी शहरांत डुकराची हाडं भरपूर सापडतात, डोंगरातल्या वस्त्यांत जवळजवळ नाहीतच. त्यावरून ‘डुक्कर नाही म्हणजे इस्रायली वस्ती’ असं समीकरण बनलं. २०१३ साली सापीर-हेन, फिंकेलस्टाइन आणि सहकाऱ्यांनी अधिक ठिकाणांची आकडेवारी एकत्र केली तेव्हा ते डळमळलं. पलिष्टी खेड्यांत डुकरं कमीच होती, आणि इ. स. पू. आठव्या शतकात उत्तरेकडच्या इस्रायल राज्यात मात्र डुकरं बऱ्यापैकी खाल्ली जात होती. दक्षिणेच्या यहूदा राज्यात ती कमीच राहिली.

मासे तर आणखी बोलके. योनातान आडलर आणि ओम्री लेर्नाऊ यांनी २०२१ साली तीस ठिकाणच्या माशांच्या हाडांचा आढावा प्रसिद्ध केला. यहूदातही, जेरुसलेममध्येसुद्धा, कित्येक शतकं लोक बिनखवल्यांचे मासे खात होते. रोमन काळात त्यांचं प्रमाण अगदी कमी होतं. म्हणजे डुक्कर टाळायची सवय बहुधा नियमाच्या आधीची, आणि माशांचा नियम मात्र चालत्या सवयीच्या विरुद्ध आलेला! दोघांना एकच कारण लावायला गेलं की गाडी अडते ती इथे.

मग डुक्कर एवढं महत्त्वाचं झालं कधी? लेवीय ग्रंथात ते उंट-सशाच्या रांगेतलं एक नाव आहे. इ. स. पू. १६७च्या सुमारास राजा अँटायोकस चौथा यानं ज्यू आचारांवर बंदी घातली. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात एलाझार नावाच्या वृद्धाची कथा आहे, जो डुकराचं मांस खाण्यापेक्षा मरण पत्करतो. कथा शब्दशः खरी असो वा नसो, तोवर डुक्कर हा ‘आम्ही कोण’ या प्रश्नाचा भाग झाला होता एवढं ती नक्की दाखवते.

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींची परंपरागत गोष्टही हेच सांगते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले जाणारे हे लोक. डेव्हिड रहाबीनं त्यांच्यातल्या बायकांपुढे मासे ठेवले, त्यांनी बिनखवल्यांचे मासे बाजूला काढले, आणि हे ज्यूच आहेत अशी त्याची खात्री पटली, असं सांगतात. इतिहासाचा पुरावा म्हणून ही गोष्ट जपूनच वापरायला हवी. पण त्यात मासा तब्येतीसाठी निवडलेला नाही. तो ओळखपत्र आहे.

म्हणून ‘या नियमाचा हेतू काय?’ हा प्रश्न मला तीन तुकड्यांत विचारावासा वाटतो. सवय कुठून आली? ग्रंथानं तिला कुठल्या चौकटीत बसवलं? आणि पाळणाऱ्यांनी पुढे तिच्याकडून कोणतं काम करून घेतलं? डुकराच्या बाबतीत उत्तरं अनुक्रमे अशी दिसतात: डोंगरातली शेती, पुरोहितांचं वर्गीकरण, समूहाची सीमारेषा. तिन्ही वेगवेगळ्या शतकांतली. आपल्या घरातल्या एखाद्या प्रथेलाही हे तीन प्रश्न विचारून बघा. ‘शास्त्रीय कारण’ शोधण्यापेक्षा जास्त हाती लागेल.

पुढच्या लेखात लोकर आणि ताग एकत्र विणलेलं कापड का वर्ज्य, ते पाहू.