भाताला कसं कळतं, शत्रू आला ते?

मेसमधला भात गिच्च झाला की आपण सगळे मिळून मेसच्या काकांना नावं ठेवतो. पण हा भात ताटात येण्याआधी केवढी लढाई लढून येतो, याचा विचार कोणी करतं का?

भिवंडी म्हटलं की पॉवरलूम आणि गोदामं आठवतात. तरी तालुक्यातल्या गावांत पावसाळ्यात आजही भाताची खाचरं हिरवीगार दिसतात. या भाताचा एक मोठा वैरी म्हणजे करपा. मला त्याचं 'ब्लास्ट' हे नाव आधी कळलं, करपा हा शब्द नंतर.

करपा ही बुरशी आहे. ढगाळ हवा, गारवा आणि ओली पानं मिळाली की तिचं फावतं. पानावर दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये राखाडी ठिपके पडतात. रोग लोंबीच्या मानेवर आला तर मान मोडते आणि दाणे पोचट राहतात. शेतकरी याला मानमोडी म्हणतात. पावसाळाभराची मेहनत ऐन शेवटी वाया!

बुरशी पानात शिरते कशी? तिचा बीजाणू पानावर चिकटतो आणि एक सूक्ष्म फुगा तयार करतो. त्यातला दाब जवळजवळ 80 अ‍ॅटमॉस्फिअरपर्यंत जातो. कारच्या टायरमध्ये असतो साधारण 2! मेकॅनिकलवाल्यांनी नोंद घ्यावी.

भाताकडे आपल्यासारखं रक्त नाही की पांढऱ्या पेशी नाहीत. प्रत्येक पेशीने आपला पहारा आपणच करायचा. असे पहारे दोन आहेत. पहिला पेशीच्या बाहेरच्या बाजूला. तिथले रिसेप्टर बुरशीच्या भिंतीतलं कायटिन ओळखतात. खेकड्याच्या कवचात असतं तेच हे कायटिन. पण बुरशी काही कमी नाही. ती एसएलपी-1 नावाचं प्रोटीन सोडते. ते कायटिनचे तुकडे आधीच धरून ठेवतं, म्हणजे सेन्सरपर्यंत सिग्नल जातच नाही. शिवाय पेशीचं काम बिघडवायला ती बरीच प्रोटीन्स थेट आत पाठवते.

आता दुसरा पहारा, पेशीच्या आतला. भातातला 'पाय-टा' हा रिसेप्टर बुरशीचं 'एव्हीआर-पिटा' हे प्रोटीन पकडतो, हे 2000 साली दाखवलं गेलं. पाय-टा म्हणजे 928 अमिनो आम्लांची माळ. त्यात 918व्या जागी अ‍ॅलानिनऐवजी सेरिन आलं, की ओळख पटत नाही आणि झाड रोगाला बळी पडतं. एका मण्याचा फरक! 'पिक' नावाची दुसरी जोडी तर चक्क आमिष लावते. बुरशीचं प्रोटीन पेशीतल्या ज्या प्रोटीनला धरायला येतं, तसाच एक तुकडा या रिसेप्टरने स्वतःतच बसवून घेतला आहे. चोराने हात घातला की अलार्म वाजतो.

अलार्मनंतर काय? गव्हाच्या 'एसआर-35' या रिसेप्टरमध्ये 2022 साली हे स्पष्ट दिसलं. पाच रिसेप्टर चाकासारखे जुळतात, त्यातून कॅल्शियम आत येतं आणि पेशी स्वतःला संपवते. बुरशीला जगायला जिवंत पेशी उरत नाही. होस्टेलमध्ये शॉर्ट सर्किट झाल्यावर एका रूमचा एमसीबी पडतो आणि बाकीचा मजला वाचतो, तसंच हे.

मग करपा संपला का नाही? कारण बुरशीसुद्धा बदलते. तिने ते एक प्रोटीन बदललं किंवा टाकून दिलं, की रिसेप्टर आंधळा. जुन्या अँटिव्हायरसला नवा व्हायरस दिसत नाही ना, तसंच. पण सॉफ्टवेअर रातोरात अपडेट होतं, बियाणं होत नाही. नवी जात तयार करायला वर्षं लागतात, आणि तोवर शेतकऱ्याला फवारणीचा खर्च सोसावा लागतो.

म्हणून शास्त्रज्ञ आता एकाच जातीत अनेक पहारेकरी बसवतात. 2021 च्या 'पुसा बासमती 1847' मध्ये करप्यासाठी दोन आणि जिवाणूजन्य करप्यासाठी दोन जनुकं आहेत. 2019 मध्ये तर पिकच्या आमिषात बदल करून, आधी निसटणारी प्रोटीन्सही त्याला ओळखायला लावली गेली.

शेतातही काही करता येतं. सगळीकडे एकच जात लावायची नाही आणि युरिया भरमसाट टाकायचा नाही, कारण जास्त नत्राने करपा बळावतो. सेन्सर, सिग्नल, स्विच हे सगळं आपल्याच सिलॅबसमधलं आहे. तेव्हा प्रोजेक्टचा विषय सुचत नसेल, तर कॉलेजबाहेरच्या खाचरांकडेही एकदा बघा!