नावाची पट्टी आणि एसईएमचा फोटो: सॉफ्टवेअर एकच, नियम दोन



राजारामपुरीत खोली घेऊन राहायला लागल्यापासून एक गोष्ट दरवर्षी ठरलेली आहे. गणपतीच्या आधी पंधरा-वीस दिवस मंडळातली दोन-तीन पोरं मोबाइल घेऊन दारात येतात. "ताई, तुम्हाला फोटोशॉप येतंय न्हवं? एवढी नावाची पट्टी जरा झाक करून द्या की."

पट्टी म्हणजे एक लहानसं आडवं चित्र. डावीकडे मूर्तीचा फोटो, मध्ये मंडळाचं नाव सोनेरी अक्षरांत, मागं रंगाचा झोत. मेसेजच्या शेवटी सहीसारखी जोडायला आणि आगमन मिरवणुकीच्या फ्लेक्सवर टाकायला. मी आवडीनं करून देते. बाबूराव पेंटरांनी आपल्या सिनेमांची पोस्टरं स्वतः रंगवली ती याच गावात, त्यामुळे सजावटीला इथं कुणी कमी लेखत नाही.

पण आज पट्टीबद्दल लिहायचं कारण वेगळं आहे. याच पट्ट्या करताना मी जी हत्यारं शिकले, त्यातल्या एकानं पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मला चांगलंच अडचणीत आणलं होतं. तुम्ही संशोधनाला सुरुवात करणार असाल, तर हे आधीच कळलेलं बरं.

आधी पट्टी कशी करायची ते बघू

फोटोशॉप विकत घ्यावं लागतं, गिम्प फुकट आहे. कल्पना दोन्हींत सारख्याच.

१. आकार आधी ठरवा. मोबाइलवर फिरवायची पट्टी १२०० × ४०० पिक्सेलची पुरते. फ्लेक्सचं गणित निराळं. सहा बाय तीन फुटांचा फ्लेक्स इंचाला ७२ पिक्सेल धरला तर ५१८४ × २५९२ पिक्सेल लागतात. लहान पट्टी ताणून फ्लेक्सला वापरली की अक्षरांच्या कडा फुटतात.

२. प्रत्येक गोष्ट वेगळ्या लेअरवर ठेवा. पार्श्वभूमी, मूर्ती, नाव, चमक, सगळं सुटं. काचेच्या तावांवर वेगवेगळी चित्रं काढून ते एकमेकांवर ठेवावेत, तसं. फोटोशॉपमध्ये लेअर १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत आले. त्याआधी एकदा रंग लावला की तो खालच्या चित्रात मिसळूनच जायचा.

३. मूर्तीमागचा भाग काढायला खोडरबर वापरू नका, मास्क वापरा. मास्क पिक्सेल पुसत नाही, फक्त झाकतो. उद्या कुणी म्हणालं, "ताई, बाप्पाचा कान कापलाय," तर पांढरा ब्रश फिरवला की कान परत.

४. नाव युनिकोड फाँटमध्ये लिहा. फोटोशॉपमध्ये मजकुराची मांडणी भारतीय लिप्यांसाठी लावलेली नसेल, तर 'मित्र' शब्दाची वेलांटी म च्या पुढं जाऊन बसते आणि जोडाक्षर फुटतं. गिम्पमध्ये सहसा हा त्रास होत नाही. मग अक्षरांवर पिवळ्यापासून तपकिरीपर्यंत ग्रेडियंट, भोवती दोन-तीन पिक्सेलची गडद किनार, खाली हलकी सावली. सोन्याचा भास एवढ्यावरच होतो.

५. शेवटी फोटोवर डाग, वायर, मागं उभा असलेला माणूस असेल तर क्लोन स्टॅम्प घ्या. शेजारचा तुकडा उचलायचा आणि डागावर छापायचा. झालं.

काम करायची फाइल लेअरसकट जपून ठेवा आणि द्यायची प्रत पीएनजीमध्ये काढा. जेपीजी चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन करून त्यातले बारकावे टाकून देतं, त्यामुळे अक्षरांच्या कडेला धुरकट ठिपके दिसतात.

आता माझी फजिती

मी झिंक ऑक्साइडच्या पातळ थरांवर काम करते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीत, म्हणजे एसईएममध्ये, या थरावर उभ्या बारीक कांड्या दिसतात. त्यांची जाडी मोजायची आणि आलेख काढायचा.

माझ्या एका फोटोत उजव्या कोपऱ्यात पांढरा फटक डाग आला होता. नमुना वीज नीट वाहून नेत नसेल तर त्यावर इलेक्ट्रॉन साचतात आणि तो भाग असा झळाळतो. याला चार्जिंग म्हणतात. पोस्टरसाठी फोटो हवा होता आणि हात मंडळाच्या पट्ट्यांवर बसलेला. क्लोन स्टॅम्प घेतला, शेजारच्या कांड्या उचलल्या, डाग गेला. दहा मिनिटांचं काम.

पुढं काय झालं ते नीट वाचा. तीच फाइल माझ्या फोल्डरमध्ये राहिली. महिन्याभरानं कांड्या मोजायला बसले तेव्हा मी तीच उघडली. आलेख छान आला. सरांनी तो बघितला आणि एवढंच विचारलं, "या दोन कांड्या जुळ्या आहेत का?" मग म्हणाले, "मूळ फाइल काढ."

दोन्ही फोटो शेजारी ठेवल्यावर पोटात गोळा आला. कोपऱ्यातल्या सात कांड्या नमुन्यावर नव्हत्याच. त्या मी छापल्या होत्या, आणि वर मोजल्याही होत्या. म्हणजे सात कांड्या आलेखात दोनदा आल्या होत्या. फसवायचा विचार माझ्या मनात आलाही नव्हता. पण तो आलेख छापून गेला असता, तर माझा हेतू काय होता हे वाचणाऱ्याला कुठून कळणार?

नमुन्यावर सोन्याचा अगदी पातळ थर चढवून आम्ही पुन्हा फोटो काढले. डाग गेला, खरोखर गेला. एसईएममधला डाग प्रयोगशाळेतच घालवायचा असतो.

फरक नेमका कुठं आहे?

पट्टीतला पिक्सेल बघणाऱ्याच्या डोळ्याला सुख देण्यासाठी असतो. एसईएमच्या फोटोतला प्रत्येक पिक्सेल हे एक मोजमाप असतं: त्या ठिकाणाहून किती इलेक्ट्रॉन परत आले, त्याचा आकडा. चित्र दिसतं म्हणून आपण त्याला चित्र म्हणतो, पण तो खरं तर आकड्यांचा तक्ता आहे. तक्त्यातला न आवडणारा आकडा खोडून शेजारचा आकडा तिथं लिहाल का? क्लोन स्टॅम्प तेच करतो.

हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

क्रॉप करायला हरकत नाही. पण निष्कर्षाच्या विरोधात जाणारा भागच कापून टाकला, तर ती लपवाछपवी झाली.

ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट बदलता येतो, पण संपूर्ण चित्रावर सारखा. आणि तुलनेचे दोन फोटो असतील तर दोन्हींवर सारखाच. मर्यादाही सांभाळा. ८-बिट चित्रात किंमत ० ते २५५ असते. २४० आणि २५० अशा दोन पिक्सेलमध्ये ३० मिळवले तर दोन्ही २५५ होतात. त्यांच्यातला फरक संपला, आणि ती फाइल सेव्ह केलीत तर तो कधीच परत येत नाही.

मोठं करताना सॉफ्टवेअर शेजारचे पिक्सेल बघून नवे पिक्सेल अंदाजानं भरतं. एआयनं 'स्पष्ट' केलेल्या फोटोत तर नमुन्यावर नसलेला पोतही उगवू शकतो. पट्टीला चालेल, मोजमापाला नाही. आणि आकार बदलताना मोजपट्टीची रेघ चित्राबरोबरच बदलली पाहिजे. रेघ तशीच आणि चित्र दुप्पट, म्हणजे तुमची कांडीही कागदावर दुप्पट जाड.

बाण, अक्षरं, चौकटी हे सगळं वरच्या वेगळ्या लेअरवर. इथं सजावटीचं कौशल्य खुशाल वापरा. ग्राफिकल अॅब्स्ट्रॅक्ट, पोस्टरचा मथळा, ईमेलखालची नावाची पट्टी यांतही वापरा. ती चित्रं मोजमाप असल्याचा दावा करत नाहीत.

एवढं कोण बघतंय?

बघतात. जर्नल ऑफ सेल बायोलॉजीनं २००२ पासूनच स्वीकारलेल्या निबंधांतली चित्रं छापण्याआधी तपासायला सुरुवात केली. एलिझाबेथ बिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४० नियतकालिकांमधले २०,६२१ निबंध डोळ्यांनी तपासले. २०१६ साली आलेल्या त्यांच्या अभ्यासात ३.८ टक्के निबंधांत संशयास्पद चित्रं सापडली, म्हणजे साधारण पंचवीसात एक.

आपल्या जवळचंही एक उदाहरण आहे. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातला, जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्रीत २००५ साली आलेला एक निबंध नियतकालिकानं २००७ मध्ये मागे घेतला. वाद होता तो त्यातली चित्रं याच गटाच्या आधीच्या निबंधातली आहेत का, यावर. इथल्या एका स्वतंत्र समितीनं संशोधकांना निर्दोष ठरवलं, तरी निबंध मागे घेतलेलाच राहिला. कोण बरोबर, हे मी ठरवणार नाही. तुम्ही एवढं घ्या: चित्रावर प्रश्न निबंध छापून झाल्यावरही येतो, आणि त्या दिवशी तुमच्या बाजूनं बोलायला मूळ फाइल आणि वही एवढंच असतं.

मी आता काय करते

यंत्रावरून आलेली टिफ फाइल 'मूळ' नावाच्या फोल्डरमध्ये जाते आणि फक्त वाचण्यापुरती खुली राहते. मोजमाप नेहमी त्याच फाइलवर, इमेजजे या फुकट सॉफ्टवेअरमध्ये. सजवायची असते ती प्रत, आणि तिच्या नावातच 'पोस्टर' हा शब्द असतो. चित्रात काय बदललं ते वहीत त्याच दिवशी लिहिते, आणि निबंधात चित्राखाली एका वाक्यात सांगते. ते वाक्य लिहायची लाज वाटली, तर तो बदल करायचा नाही.

छपाईचं गणितही आधीच मांडा. ९ सेंटिमीटर रुंदीचा कॉलम आणि इंचाला ३०० पिक्सेल, म्हणजे साधारण १०६३ पिक्सेल. यंत्रावरच तेवढ्या रेझोल्यूशननं फोटो घेतला की नंतर ताणायची वेळ येत नाही.

आज रात्री एक करून बघा. स्वतःच्या नावाची एक पट्टी बनवा, मनसोक्त सजवा, लेअर आणि मास्क हाताखालून जाऊ द्या. मग तुमच्या प्रोजेक्टमधला कुठलाही फोटो उघडा आणि त्याची मूळ फाइल आत्ता, पाच मिनिटांत, काढून दाखवता येते का बघा. नाही आली, तर पट्टी बाजूला ठेवा आणि आधी फोल्डर लावा.

मंडळाची पोरं यंदाही येणार आहेत. बाप्पामागची विजेची वायर मी क्लोन करून काढणारच. तिथं वायरी कुणी मोजत नाही.