दोन दगडांवरचे भातखंडे

लखनौच्या कैसरबागेत, वाजिद अली शाहच्या परीखान्यात, एक संगीत विद्यापीठ आहे. त्याला नाव आहे मुंबईच्या वाळकेश्वरात जन्मलेल्या एका वकिलाचं, पंडित विष्णू नारायण भातखंडे यांचं. ‘वकिलीवर पाणी सोडलं आणि संगीताला वाहून घेतलं’ एवढं सांगून लोक मोकळे होतात. मधल्या वयात नोकरी बदलायच्या विचारात असलेली माणसं हे वाक्य ऐकतात आणि एकतर उगाच पेटून उठतात, नाहीतर ‘आपल्याला नाही बुवा जमायचं’ म्हणून गप्प बसतात. दोन्ही चूक. तारखा लावून पाहिल्या की हकीकत बरीच वेगळी दिसते.

गैरसमज : दोन दगडांवर पाय ठेवू नये

भातखंडे १८८४ साली मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत दाखल झाले. बी.ए. झाले १८८५ला आणि एलएल.बी. १८८७ला. म्हणजे गाणं वकिलीच्या आधीपासून होतं. पुढे काही काळ कराचीत आणि मग मुंबईत वकिली करताना त्यांनी ते सोडलं नाही. मंडळीत रावजीबुवा बेलबागकरांकडून ध्रुपदं आणि अली हुसेन खाँसाहेबांकडून ख्याल, अशा शेकडो बंदिशी त्यांनी गोळा केल्या. हे सोळा-सतरा वर्षं चाललं होतं. दोन दगडांवर पाय ठेवणारा पडतो असं आपण म्हणतो. इथे एका दगडाने दुसऱ्याचा खर्च चालवला.

पैशांचाच विषय निघाला आहे तर एक आजची गोष्ट. नोकरी सोडली की पीएफ काढून टाकायचा, असा सल्ला ऑफिसातला कोणीतरी देतोच. सलग पाच वर्षांची नोकरी पुरी होण्याआधी काढलेल्या पीएफवर साधारणपणे कर बसतो. नव्या नोकरीत खातं वर्ग केलं, तर आधीची वर्षंही धरली जातात.

गैरसमज : मोठा धक्का बसल्याशिवाय माणूस वाट बदलत नाही

भातखंड्यांची पत्नी १९०० साली गेली, मुलगी १९०३ साली. त्यानंतर वकिली मागे पडली आणि १९०४मध्ये ते दक्षिणेच्या दौऱ्यावर निघाले. चरित्रकारांना असा क्रम आवडणारच. पण दुःखाने फार तर दोर कापला. होडी आधीच बांधून तयार होती.

गैरसमज : जुन्या पेशातलं सगळं वाया जातं

मला स्वतःला यातच सगळ्यात जास्त गंमत वाटते. भातखंडे गावोगाव फिरले, ग्रंथालयांत हस्तलिखितं पाहिली, गवयांना आणि पंडितांना भेटले. भेटले ते साक्षीदाराला भेटावं तसे. आमचं गाणं शास्त्राला धरून आहे असं कोणी म्हटलं, की यांचा प्रश्न तयार: कोणत्या ग्रंथाला? त्यात हा राग कुठे सांगितला आहे? त्यातले स्वर आज तुम्ही गाता तेच कशावरून? पुष्कळांची पंचाईत होई आणि काहींना रागही येई. उलटतपासणीच्या या सवयीतून ते एका निष्कर्षाला आले. जुने संस्कृत ग्रंथ आणि आजचं गायन यांचा सांधा जुळत नाही; शास्त्र लिहायचं तर आज गातात त्यावरून लिहावं लागेल. रागांची दहा थाटांत, म्हणजे दहा मूळ स्वरसंचांत, केलेली मांडणी या विचारातून आली. तिच्यावर आजही आक्षेप घेतले जातात आणि त्यातले काही रास्त आहेत. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा त्यांचा मराठी ग्रंथ उघडा. चारही भाग गुरू-शिष्याच्या संवादात आहेत. शिष्य शंका काढतो, गुरू पुरावा देतो. वकिली सुटली, वकील सुटला नाही.

ते मैफलीचे गवई मात्र झाले नाहीत. संगीतात जायचं म्हणजे मंचावरच बसायचं असं त्यांनी धरलं असतं, तर बहुधा एक मध्यम प्रतीचा गायक आपल्या वाट्याला आला असता.

गैरसमज : मदत मागणं कमीपणाचं

वयाच्या चाळिशीनंतर, नावारूपाला आलेल्या या वकिलाने रामपूरचे नवाब हमीद अली खाँ यांची शागिर्दी पत्करली. शागीर्द झाल्याशिवाय रामपूरच्या सेनिया, म्हणजे तानसेनाकडून आलेल्या, परंपरेची दारं उघडणार नव्हती. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड पाठीशी उभे राहिले म्हणून १९१६ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद झाली. प्रत्येकाकडून वेगळी मदत: कोणाकडून विद्या, कोणाकडून ओळख, कोणाकडून पैसा. एकाच ‘मार्गदर्शका’कडून सगळं मिळेल अशी त्यांची अपेक्षा नव्हती.

आज असा हितचिंतक ओळखीत नसेल, तर केंद्र सरकारची नॅशनल करिअर सर्व्हिस ही नोकरी आणि मार्गदर्शनाची सेवा २०१५पासून आहे आणि तिथे नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत. ती फक्त कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांसाठी आहे, हा आणखी एक गैरसमज.

गैरसमज : ज्याचा हुरूप खरा, तो मध्येच खचत नाही

भातखंड्यांना खरं तर दिल्लीत राष्ट्रीय संगीत अकादमी हवी होती. १९१८च्या दिल्ली परिषदेत तिची चर्चा झाली, पण पैसा उभा राहिला नाही. १९१९ची परिषद काशीला झाली आणि मग पाच वर्षं काहीच नाही. नुसत्या हुरुपाच्या जोरावर एवढी वर्षं निघत नाहीत. त्यांच्या हाताशी पुस्तकं होती, क्रमिक पुस्तकांची मालिका होती; परिषद नसली तरी उद्या सकाळी काय करायचं हे ठरलेलं होतं. १९२४ आणि १९२५च्या परिषदा लखनौला झाल्या. संयुक्त प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली आणि त्यांच्याच घराण्यातले राय उमानाथ बली यांनी विषय उचलून धरला आणि १९२६ साली कॉलेज उघडलं. दिल्ली नाही, लखनौ. राष्ट्रीय अकादमी नाही, प्रांतातलं कॉलेज. नावही गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचं; आजच्या विद्यापीठाला असलेलं भातखंड्यांचं नाव नंतरचं. भातखंडे तेव्हा सहासष्ट वर्षांचे होते आणि त्यांनी ते चालवून घेतलं. दोन वर्षांनी प्राचार्यपदावर त्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर आले. वय तिशीच्या आत. पुढची जवळजवळ तीन दशकं त्यांनी ते कॉलेज सांभाळलं.