मोठं होणारं पात्र आधी लहान होऊन येतं

भाऊबीज उरकली की गोंदिया जिल्ह्यातल्या गावांमध्ये मंडईचे दिवस सुरू होतात. आज या गावची मंडई, उद्या शेजारच्या गावची. दिवसभर बाजार, झुले, मिठाईची दुकानं, डफाच्या तालावर दंडार हे लोकनाट्य. माहेरी आलेल्या लेकी, लांबून आलेले सोयरे आणि लग्नाची पोरं-पोरी मनात ठेवून एकमेकांची विचारपूस करणारी वडीलधारी मंडळी. रात्री नाटक. ते दहाच्या पुढे रंगात येतं आणि तांबडं फुटेपर्यंत चालतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीच्या आसपासपर्यंत असा हंगाम चालतो. गडचिरोलीतलं वडसा म्हणजे देसाईगंज हे या नाटक मंडळ्यांचं मोठं ठाणं.

रात्रभराच्या या नाटकांत एक किमया घडते. पहिल्या अंकात एखादा गडी, एखादा भोळा मामा, एखादी तोंडाळ शेजारीण रंगमंचावर येते. कथानकाशी या पात्राचा काही संबंध आहे असं वाटत नाही. चार विनोद होतात, प्रेक्षक हसतात, ते पात्र निघून जातं. आणि पहाटेच्या प्रवेशात, नायकाचं सगळं हातातून गेलेलं असताना, तेच पात्र पुन्हा उभं राहतं. आता कोणी हसत नाही. थंडीत घोंगड्या पांघरून बसलेली शेकडो माणसं त्याच्या तोंडाकडे बघत असतात. पाच-सहा तासांपूर्वी ज्याला आपण मोजलंही नव्हतं, तो इतका जवळचा कधी झाला?

हाच प्रश्न जगभर एका वेगळ्याच खेळाच्या टेबलाभोवती विचारला जातो. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला आणि भूमिका घेऊन खेळायच्या खेळांचा एक नवा प्रकार जन्माला आला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं, त्याचे गुणदोष कागदावर लिहिलेले असतात. एकजण सूत्रधार होतो. समोर काय दिसतंय ते तो सांगतो, खेळाडू आपण काय करतो ते सांगतात, आणि जिथे यशाची खात्री नाही तिथे फासे पडतात. अशा बैठकांमागून बैठका होतात आणि एकच कथा महिनोन् महिने, कधी कधी वर्षानुवर्षं पुढे सरकते. तिला मोहीम म्हणतात. नायक म्हणजे खेळाडू. वाटेत भेटणारे बाकी सगळे, म्हणजे भटारखान्यातला आचारी, नावाडी, दरबारी, शत्रू, हे एकटा सूत्रधार आपल्या तोंडून बोलवतो. ही सहपात्रं. यातली महत्त्वाची पात्रं मोहिमेत केव्हा आणायची, या प्रश्नात गोष्ट सांगण्याची अर्धी कला सामावलेली आहे.

उत्तर सोपं वाटतं: लवकर आणावीत. पण लवकर म्हणजे कशी? आणि लवकर का?

आपल्याकडे याचं फार जुनं आणि फार देखणं उत्तर आहे. शूद्रकाचं ‘मृच्छकटिक’ घ्या. गोविंद बल्लाळ देवलांनी ते मराठी संगीत रंगभूमीवर आणलं. मूळ संस्कृत नाटकाच्या दुसऱ्या अंकात संवाहक नावाचा एक माणूस धावत येतो. अंग रगडून देण्याची कला शिकलेला, एके काळी नाटकाचा नायक चारुदत्त याच्या पदरी असलेला आणि आता जुगारात दहा सुवर्णनाणी हरलेला. मागे जुगारी लागलेत. तो एका ओस देवळात शिरतो आणि रिकाम्या जागी मूर्ती होऊन उभा राहतो. पाठलाग करणारे आत येतात. त्यांना संशय येतो, मग ते तिथेच बसून फासे टाकायला लागतात. फाशांचा आवाज कानी पडताच मूर्तीला राहवत नाही. खेळी माझी, असं म्हणत ती खाली उतरते आणि पकडली जाते! तिथून निसटून तो नायिका वसंतसेना हिच्या घरात शिरतो. ती त्याला फारशी ओळखतही नाही, पण आपलं कंकण पाठवून त्याचं कर्ज फेडते. लाजलेला संवाहक संसार सोडून भिक्षू होतो. प्रसंग संपतो. प्रेक्षक हसून मोकळे.

मग येतो आठवा अंक. राजाचा मेहुणा शकार वसंतसेनेचा गळा आवळतो आणि ती मेली असं समजून तिच्यावर पाचोळा टाकून निघून जातो. त्याच बागेत एक भिक्षू धुतलेलं वस्त्र वाळत घालायला जागा शोधत येतो. ते त्या पाचोळ्यावर पसरतो. पाचोळ्यातून एक हात बाहेर येतो. भिक्षू तो हात ओळखतो, ओलं वस्त्र पिळून तिच्यावर पाणी शिंपडतो आणि ती डोळे उघडते. आता हा भिक्षू आठव्या अंकातच पहिल्यांदा आला असता तर? तर तो नाटककाराने अडचणीतून सुटायला पाठवलेला माणूस ठरला असता. दुसऱ्या अंकात भेटला म्हणून तो वसंतसेनेच्या स्वतःच्या चांगुलपणाचं फळ ठरतो. सगळा फरक सहा अंकांच्या अंतराने घडवला.

या अंतरात नेमकं काय होतं? 1968 साली रॉबर्ट झायोंक या मानसशास्त्रज्ञाने प्रयोग केले. त्याने लोकांना निरर्थक शब्द, अनोळखी चिन्हं, परक्या माणसांचे फोटो कमी-जास्त वेळा दाखवले. जे जास्त वेळा दिसलं ते लोकांना जास्त आवडलं. निव्वळ पुन्हा पुन्हा दिसल्याने आपलेपणा वाढतो. गोष्टीतलं पात्र तर त्याहून पुढे जातं, कारण ते नुसतं दिसत नाही, आपल्याकडून काहीतरी मागतं. आणि ज्याच्यासाठी आपण एकदा काही केलं, त्याचं पुढे काय झालं हे विचारल्यावाचून आपल्याला राहवत नाही.

झाडीपट्टीतल्या कलावंतांना हे अनुभवातून ठाऊक आहे. इथली मंडळी रोज नव्या गावात, नव्या प्रेक्षकांसमोर उभी राहते. रात्रभर माणसांना जागं ठेवायचं तर ओळख पहिल्या तासातच जमायला हवी. म्हणून विनोदी पात्राचा प्रवेश लवकर, आणि म्हणून त्या कामाला मान मोठा. विनोदी भूमिकांनी झाडीपट्टीत घराघरांत पोहोचलेले परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा नायकाच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या पात्राचं मोल देशाने ओळखलं. खडी गंमत या विदर्भातल्या लोकनाट्यात तर बराचसा संवाद तिथल्या तिथे सुचलेला असतो. तमाशातही गवळणीत पेंद्या आणि मावशी थट्टा करून घेतात आणि मग त्याच थट्टेतला सोंगाड्या वगात नायकाच्या जोडीला येतो तेव्हा तो प्रेक्षकांच्या चांगला ओळखीचा झालेला असतो. त्याच्या खोड्या त्यांना पाठ असतात. संहिता नसली तरी चालतं, कारण सोंगाड्या काय म्हणेल हे आता प्रेक्षकांनाही कळतं.

टेबलावरच्या खेळात संहिता तर मुळीच नसते. आणि इथेच तो नाटकाच्या पुढे एक पाऊल टाकतो, ते पाऊल पाहण्यासारखं आहे.

समजा, एक मोहीम नवेगावबांधच्या तलावाकाठी सुरू होतेय. पहिल्या बैठकीला सूत्रधार सांगतो: गावची मंडई भरली आहे, दंडार रंगात आलीय, तुम्ही चौघं गर्दीत आहात. तिथे चार माणसं भेटतात. मासोळ्या विकणारी सुंदराबाई, जिची जुनी डोंगी पाझरते. दंडारीत डफ वाजवणारा गोमा, ज्याला उंचावरून सगळी गर्दी दिसते. मामा तलावाच्या, म्हणजे माजी मालगुजारी तलावाच्या, पाटाचं पाणी वाटण्यात आयुष्य गेलेला एक म्हातारा, ज्याला पाणी सोडायची बंद पडलेली जुनी दारं अजून माहीत आहेत. आणि पांढऱ्या कपड्यांतला एक गोड बोलणारा ठेकेदार, जो सगळ्यांच्या चहाचे पैसे देतो.

सुंदराबाई एका खेळाडूकडे वळते. “माह्या टोपलीकडं पाहजा जी, पोराले झुल्यात बसवून आनतो.” खेळाडू हसतो आणि बरं म्हणतो. तेवढ्यात गिऱ्हाईक येतं. भाव काय सांगायचा? फासा पडतो, आकडा अगदीच कमी. अर्ध्या किमतीत मासोळ्या जातात. सुंदराबाई परत येऊन जे काही ऐकवते त्यावर टेबल हसून हसून दमतं. बैठक पुढे सरकते. मोहिमेतलं रहस्य वेगळंच आहे, त्यात मासोळ्यांचा संबंध नाही.

सहाव्या बैठकीत रात्र आहे, मागे माणसं लागलीत, पुढे तलावाचं काळं पाणी. सूत्रधार काहीच सुचवत नाही. आणि एक खेळाडू एकदम म्हणतो, “सुंदराबाईची डोंगी!” दुसरा म्हणतो, “ती पाझरते.” तिसरा म्हणतो, “आणि तिचे मासोळ्यांचे पैसे अजून द्यायचे आहेत.” दोन मिनिटांत चौघं त्या बाईच्या दाराशी उभे. सूत्रधाराने तिला वाचवायला पाठवलं नाही. खेळाडूंनी तिला बोलावलं.

नाटकात कोणाला मोठं करायचं ते शूद्रक ठरवतो. इथे ते खेळाडूंच्या जिव्हाळ्याने ठरतं. सूत्रधाराने चार माणसं पेरायची. त्यातलं कोणतं रुजेल हे त्यालाही माहीत नसतं. कदाचित गोमा विसरला जाईल आणि झुल्यावाल्याचं जाता जाता घेतलेलं नाव दहा बैठका टिकेल. म्हणून 2010 सालच्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या खेळाने सूत्रधारासाठी नियमच घातला: प्रत्येकाला नाव द्या, प्रत्येकाला माणूस करा. नाव नसलेल्या माणसाला खेळाडू हाक तरी कशी मारणार? 1983 सालच्या ‘रेव्हनलॉफ्ट’पासून चालत आलेल्या आणि 2016 साली ‘कर्स ऑफ स्ट्राड’ म्हणून नव्याने आलेल्या मोहिमेत तर सुरुवातीलाच एक भविष्य सांगणारी बाई पत्ते मांडते आणि पुढे नायकांना साथ कोण देणार हे त्या पत्त्यांवर ठरतं. दर वेळी पत्ते वेगळे, साथीदार वेगळा.

मग पहिल्या भेटीत काय असावं? महत्त्व तर अजिबात दिसू नये. हा माणूस पुढे कामाचा आहे असं सूत्रधाराच्या आवाजातूनच कळलं, तर खेळाडू त्याच्याकडे माहितीचं कपाट म्हणून बघतात. त्याऐवजी त्याचं स्वतःचं काम चालू असावं, स्वतःची छोटी अडचण असावी आणि ती नायकांनी सोडवण्याजोगी असावी. लक्षात राहणारी एक लकब पुरते. तीन-चारांपेक्षा जास्त माणसं एका रात्री नकोत, नाहीतर चेहरे एकमेकांत मिसळतात. आणि या माणसांचे एकमेकांशी धागे असावेत. सुंदराबाईचा पोरगा गोमाकडे डफ शिकतो, म्हाताऱ्याचं आणि ठेकेदाराचं पाण्यावरून वाजलंय. असे धागे असले की एकाला भेटल्यावर दुसऱ्याची आठवण आपोआप निघते.

त्यानंतर मधल्या बैठकांमध्ये ती माणसं कारणाशिवाय दिसत राहायला हवीत. ओढ तिथेच मुरते. महाभारतात आदिपर्वात अंबेची कथा येते आणि तिचं फळ थेट सहाव्या, भीष्मपर्वात मिळतं. पण मधल्या काळात अंबेचाच पुनर्जन्म असलेला शिखंडी द्रुपदाच्या घरात वाढत असतो, तो कथेतून पुसला जात नाही. विदुराकडे बघा. वारणावताला निघालेल्या युधिष्ठिराला तो आडवळणाच्या शब्दांत सावध करतो आणि पुढे भुयार खणणारा माणूस पाठवतो. सुटका मात्र पांडवांना स्वतःच्या हिमतीवर करून घ्यावी लागते. सहपात्राने वाट दाखवावी, चालावं नायकांनी. सूत्रधाराचं लाडकं पात्र प्रत्येक लढाई जिंकू लागलं की खेळाडू आपल्याच मोहिमेत प्रेक्षक होऊन बसतात.

ठेकेदारालाही हेच लागू. शत्रू शेवटच्या गुहेत पहिल्यांदा भेटला तर तो फक्त ताकदीचा एक आकडा असतो. मंडईत ज्याचा चहा प्यायलो, त्याच्याविरुद्ध उभं राहताना हात क्षणभर थांबतो, आणि तेवढ्या थांबण्याने गोष्ट खोल होते.

हे सगळं घडवायला परदेशातले किल्ले आणि अजगर लागत नाहीत. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा अशा मोहिमेसाठी सगळं घेऊन बसला आहे: नागझिऱ्याचं जंगल, जुने मामा तलाव, धानाच्या बांध्यांत घरटी करणारे सारस, तेंदूपत्त्याचे दिवस, आणि ओळखी करून देण्यासाठी दरवर्षी भरणारी मंडई. ज्याला पहिली मोहीम मांडायची आहे त्याने जगाचा नकाशा काढत बसू नये. कागदावर चार नावं लिहावीत, प्रत्येकासमोर त्या दिवशीची त्याची एक गरज लिहावी आणि खेळाडूंना गर्दीत सोडावं. गाव वाचवायचं का, हा प्रश्न पुढे येईलच. तोवर खेळाडूंना त्या गावात कोणाचे तरी पैसे द्यायचे राहिलेले असतील, आणि उत्तर शोधायला तेवढं पुरेल.