आधी अर्थिंग, मग म्युझिक सिस्टीम

आपल्या समाजात गाण्याला मोठे स्थान आहे. वामनदादा कर्डकांची गीते, प्रल्हाद शिंदे यांचा खणखणीत आवाज, विठ्ठल उमपांची शाहिरी यांनी अक्षरओळख नसलेल्या आयाबायांपर्यंतही बाबासाहेबांचा विचार पोहोचवला. पूर्वी चाळीत एखाद्याच घरी टेपरेकॉर्डर असे आणि बाकीचे त्याच्या दाराशी बसून ऐकत. आज मुले कमावती झाली. घरात ॲम्प्लिफायर येतो, उंच स्पीकर येतात, सबवूफर येतो. याचा आम्हाला आनंदच आहे.

मात्र नवा सेट ज्या बोर्डाला जोडला जातो, तो बोर्ड बहुधा वडिलांच्या काळातला असतो. लाकडी पट्टीवरची जुनी ॲल्युमिनियमची वायर, दोनच भोकांचे सॉकेट आणि त्यातही पिन बसत नाही म्हणून उघड्या तारा आगपेटीच्या काड्यांनी दाबून बसवलेल्या! सेटवर हजारो रुपये खर्च करणारे घर वायरिंगवर शंभर रुपये खर्चायला कचरते. हा हिशेब उलटा आहे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. वीज हा विषयही त्यांच्याकडेच होता. सेंट्रल टेक्निकल पॉवर बोर्ड १९४४ मध्ये स्थापन झाले ते त्यांच्याच कारकिर्दीत. वीज स्वस्त आणि मुबलक झाली नाही तर उद्योग वाढणार नाहीत, आणि उद्योग वाढले नाहीत तर गरिबी हटणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. ज्या विजेचा त्यांनी देशासाठी एवढा विचार केला, ती आपल्या घरात नीट नांदते की नाही, हे आपणच पाहायला हवे. मीटरपर्यंतची जबाबदारी वीज कंपनीची, मीटरच्या पुढची आपली.

आकड्यांत पाहू

आपल्याकडे घरात २३० व्होल्टची वीज येते. वॅटला २३० ने भागले की अँपिअर मिळतात. घरगुती म्युझिक सिस्टीम ३०० वॅट वीज घेत असेल तर भार होतो साधारण १.३ अँपिअर. १००० वॅटची इस्त्री ४.३ अँपिअर घेते आणि २००० वॅटचा गिझर ८.७ अँपिअर. म्हणजे सेटचा भार काही फार नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले 'पीएमपीओ'चे हजारो वॅट ही जाहिरात असते. खरा आकडा सेटच्या मागच्या पट्टीवर असतो, तो वाचावा.

मग अडचण कुठे येते? एकाच बोर्डावर सेट, इस्त्री, मिक्सर, फ्रिज असे सगळे येऊन बसते. बोर्डातला स्क्रू सैल असतो. सैल सांध्यातून जास्त करंट गेला की सांधा तापतो, ठिणगी पडते, प्लास्टिक वितळते. स्पीकरमध्ये 'कर्रकर्र' ऐकू येते तेव्हा लोक सेट दुरुस्तीला नेतात. दोष कधी कधी सेटमध्ये नसून भिंतीत असतो.

काय करून घ्यावे

मेन बोर्डापासून सेटच्या जागेपर्यंत स्वतंत्र लाइन ओढून घ्यावी. आयएसआय मार्कची तांब्याची वायर वापरावी. सेटपुरती दीड चौरस मिलिमीटरची पुरते. पण वायर एकदा घातली की वीस वर्षे कोणी हात लावत नाही, म्हणून जमल्यास अडीचची घालावी. फेज आणि न्यूट्रल यांच्याबरोबर तिसरी हिरवी अर्थची वायर हवीच. शेवटी तीन पिनांची ६ अँपिअरची तीन-चार चांगली सॉकेट बसवावीत आणि या लाइनला ६ अँपिअरचा स्वतंत्र एमसीबी द्यावा. ॲम्प्लिफायर सुरू होताना क्षणभर जास्त करंट ओढतो, म्हणून एमसीबी 'सी' प्रकारचा मागावा. इस्त्री आणि गिझर यांना या लाइनवर जागा नाही. त्यांना १६ अँपिअरचे वेगळे सॉकेट आणि वेगळी लाइन.

स्पीकरच्या वायरी आणि विजेच्या वायरी एकत्र बांधू नयेत. ज्या घरी इन्व्हर्टर आहे तिथे तो 'साइन वेव्ह' आहे का, हे विचारावे. 'स्क्वेअर वेव्ह' इन्व्हर्टरवर स्पीकर गुणगुणतात.

अर्थची पिन कापू नका

आता सर्वांत महत्त्वाचे. नवा सेट लावल्यावर पुष्कळदा 'घूंऽऽ' असा बारीक आवाज येत राहतो. एखादा कारागीर सांगतो, "अर्थची पिन काढून टाका, आवाज जाईल." पिन काढली की आवाज खरेच जातो. पण त्याबरोबर घरातल्या माणसांचे संरक्षणही जाते.

सेटच्या पत्र्याच्या बॉडीला आत कुठे फेज चिकटला, तर अर्थच्या वायरीतून करंट जोराने वाहतो आणि एमसीबी पडतो. अर्थ नसेल तर बॉडी तशीच जिवंत राहते. फरशी पुसणारी माउली किंवा ओल्या हाताचे पोर तिला शिकले, तर करंट त्यांच्या अंगातून जमिनीत जातो. (प्लास्टिकच्या काही उपकरणांवर एकात एक असे दोन चौकोन छापलेले असतात. त्यांना दुहेरी इन्सुलेशन असते, म्हणून अर्थ लागत नाही.)

त्या आवाजाचे कारण बहुधा असे असते, की टीव्ही एका बोर्डावर, ॲम्प्लिफायर दुसऱ्या बोर्डावर आणि केबलची वायर बाहेरून तिसरीच जमीन घेऊन येते. या जमिनींमध्ये थोडा फरक असतो, तोच स्पीकरमधून ऐकू येतो. सगळी उपकरणे एकाच बोर्डावर घ्यावीत. आवाज राहिला तर केबलची वायर काढून पाहावी. तिच्यामुळेच येत असेल तर त्या वायरीला आयसोलेटर लावता येतो.

पाण्याच्या नळाला अर्थ जोडणे किंवा अर्थ आणि न्यूट्रल सॉकेटमध्ये एकत्र करणे, हे दोन्ही जिवाशी खेळ आहेत. इमारतीला अर्थिंग नसेल तर चाळ कमिटीच्या सभेत हा विषय घ्यावा. खड्डा एकदाच घ्यावा लागतो, फायदा सर्वांना होतो. झाल्यावर तो अर्थ टेस्टरने तपासून घ्यावा.

याशिवाय मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो. ६ अँपिअर म्हणजे ६००० मिलिअँपिअर. आरसीसीबी त्याच्या दोनशेव्या हिश्श्याएवढी गळती झाली तरी वीज तोडतो. त्यावरचे 'टी' बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. ते काम घरातल्या मुलीला शिकवावे.

पाहा, तपासा, मग माना

बाजारात सोन्याचा मुलामा दिलेले प्लग आणि भारी किमतीच्या पॉवर केबल मिळतात. त्यांनी गाणे गोड होते, असे विक्रेते सांगतात. कालामांना भगवंतांनी काय सांगितले ते आठवावे: कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून पाहा. घट्ट सांधा, पुरेशी जाड वायर आणि चांगली अर्थ यांचा उपयोग मीटर लावून दाखवता येतो. मुलाम्याचा दाखवता येत नाही.

हे काम परवानाधारक कंत्राटदाराकडून करून घ्यावे. वस्तीतल्या 'थोडेफार जमते' अशा पोराच्या हातात मेन बोर्ड देऊ नये. त्या पोराला हौस असेल तर आयटीआयला घालावे. वायरमन आणि इलेक्ट्रिशियन हे दोन्ही कोर्स दोन वर्षांचे आहेत. मुलींनाही तिथे प्रवेश आहे. परवाना घेऊन तो परत आला की त्याच्याकडूनच काम करून घ्यावे आणि घासाघीस न करता पूर्ण मजुरी द्यावी. शिका, संघटित व्हा म्हणणाऱ्या समाजाने निदान आपल्या कारागिराच्या कसबाची किंमत ओळखावी.

तेव्हा सेट विकत घेण्याच्या महिन्यात आधी वायरमनला बोलवा. पैसे कमी पडले तर स्पीकर एक नंबर लहान घ्या, अर्थिंग मात्र टाळू नका. भीमगीते पुढच्या भीमजयंतीलाही ऐकायची आहेत, आणि ती ऐकायला घरातले सगळे हवेत. जयभीम!