त्वचापेढी: मृत त्वचेने मिळवून दिलेली मुदत

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्याचे पोटच आगीशी खेळणाऱ्या धंद्यांवर चालत आले आहे. अंबरनाथमध्ये एकेकाळी विमको कंपनीच्या आगपेट्या बनत. आज अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत रसायनांचे कारखाने आहेत, आणि उल्हासनगरात जीन्सपासून फर्निचरपर्यंत सारा माल दाटीवाटीच्या गाळ्यांत तयार होतो. इथे गंभीर भाजलेल्या माणसाला त्वचापेढीची मदत हवी असेल, तर दोन नावे पुढे येतात: शीव येथील महापालिकेचे लोकमान्य टिळक रुग्णालय, जिथे २००० साली देशातल्या अगदी सुरुवातीच्या पेढ्यांपैकी एक उभी राहिली, आणि ऐरोलीचे नॅशनल बर्न्स सेंटर. या पेढ्या रुग्णाला नवी त्वचा देतात असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात त्या त्वचा देत नाहीत, मुदत देतात. नवी त्वचा बनवण्याचे काम रुग्णाच्या स्वतःच्या मूळपेशींनाच करावे लागते.

पेढीचे कामकाज पाहिले की हे उलगडते. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय आणि पाठ येथून त्वचेचा अगदी पातळ पापुद्रा यंत्राने काढला जातो. रक्तगट जुळवावा लागत नाही. एचआयव्ही, कावीळ, जंतुसंसर्ग आणि त्वचेचा कर्करोग नसल्याची खात्री मात्र करावी लागते. मग ती त्वचा ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये, चार ते आठ अंश तापमानाला ठेवतात. अशी ती पाच वर्षांपर्यंत टिकते. ग्लिसरॉल पाणी शोषून घेते, जंतू मारते आणि त्वचेतल्या पेशीही मारते. म्हणजे रुग्णाच्या अंगावर चढते ती निर्जीव त्वचा. दोन-तीन आठवड्यांत ती सुटून येते. पण तेवढ्या काळात ती अंगातले पाणी आणि प्रथिने वाहून जाऊ देत नाही, जंतूंना अडवते, वेदना कमी करते.

त्या आडोशामागे काय घडते, ते शल्यचिकित्सेच्या रोजच्या अनुभवातून कळते. रोपणासाठी रुग्णाच्याच मांडीवरून त्वचेचा पातळ थर काढला, तर ती जागा साधारण दोन आठवड्यांत आपोआप भरते. कारण केसांची मुळे आणि घामाच्या ग्रंथी खाली शिल्लक असतात, आणि नवी त्वचा विणणाऱ्या मूळपेशी तिथेच दडलेल्या असतात. संपूर्ण जाडी जळाली की हा साठाही जातो. मग जखम फक्त कडेकडेने भरते. भाजलेली जखम आपोआप भरेल का, हे ठरते ते किती मूळपेशी वाचल्या यावर.

या पेशी वाचतात कशा? ज्या पेशीच्या डीएनएला दुरुस्त न होणारी इजा झाली ती बहुधा स्वतःचा शेवट स्वतःच घडवून आणते. १९७२ साली या नियोजित मृत्यूला अ‍ॅपॉप्टोसिस हे नाव मिळाले. ब्रसेल्सच्या संशोधकांनी २०१० मध्ये उंदरांवर किरणांचा मारा करून दाखवले, की केसाच्या मुळाशी असलेल्या मूळपेशी शेजारच्या पेशींइतक्या सहज मृत्यूला दाद देत नाहीत. त्यांच्यात बीसीएल-२ हे मृत्यू रोखणारे प्रथिन अधिक असते, आणि तुटलेला डीएनए त्या झपाट्याने सांधतात. २०१३ मध्ये दुसऱ्या एका गटाने उलट बाजू तपासली: मृत्यूला चालना देणारे आर्ट्‌स हे प्रथिन नसलेल्या उंदरांत मूळपेशी जास्त टिकल्या आणि जखमा लवकर भरल्या.

यावर साहजिक प्रश्न येतो: मग हा मृत्यू औषधाने थांबवून का टाकू नये? थांबायला हवे ते इथेच. बीसीएल-२ मुळात सापडले ते रक्तपेशींच्या कर्करोगात. शिवाय घाईने सांधलेल्या डीएनएत चुका राहतात; मरायला नकार देणारी पेशी त्या चुका पुढच्या पिढीला देते. पेशींना नुसते कामाला जुंपूनही भागत नाही. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. संजीव वाघमारे यांच्या गटाने २०१७ साली दाखवले, की मूळपेशींना कामाला लावणारे एसपीएलए२ हे विकर ज्यांच्यात जादा बनते अशा उंदरांचे केस वारंवार गळतात आणि जखम भरण्यातही अडथळा येतो. म्हणून आज शहाणपणाचा मार्ग एकच: पेशींचे अंतर्गत गणित न बिघडवता त्यांना बाहेरून संरक्षण देणे. त्वचापेढी नेमके तेच करते.

त्वचादानावरचा एक आक्षेप भावनेचा: देह विद्रूप होईल. काढला जातो तो केवळ वरचा पापुद्रा, तोही कपड्यांखाली झाकल्या जाणाऱ्या भागांतून, आणि नंतर पट्ट्या बांधूनच देह नातेवाइकांच्या हाती दिला जातो. दुसरा आक्षेप अंतराचा, आणि तो खरा आहे. बदलापूरहून शीव किंवा ऐरोली जवळ नाही. पण भाजलेल्या भागाभोवती अर्धमेल्या पेशींचे एक वलय असते, हे शल्यचिकित्सक जॅक्सन यांनी १९५३ मध्येच दाखवून दिले. पुढच्या एक-दोन दिवसांत ते वलय जगते किंवा मरते. तिथल्या पेशी वाचवण्याची सुरुवात रुग्णालयाच्या दारात नव्हे, कारखान्याच्या नळाखाली होते.

म्हणून या पट्ट्यातल्या प्रत्येक गाळ्यात आणि घरात दोन गोष्टी ठरलेल्या असाव्यात. भाजले की वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली. बर्फ नको, टूथपेस्ट नको. रसायनाची कोरडी भुकटी असेल तर आधी झटकून टाका. आणि घरात मृत्यू झाला, तर नेत्रदानाच्या फोनसोबत त्वचादानाचाही फोन लगेच करा, म्हणजे सहा तासांच्या आत त्वचा काढता येईल.